बातमी कितव्या पानावर?

(नेत्यांची टर उडवणं आणि त्यावर वर्तमानपत्रांचं वागणं, या विषयावर या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. पत्रं लांबलचक होती, कात्री मी लावली. वृत्तपत्राच्या डेस्कवर रात्रपाळ्या केलेल्या बाईचा हात कात्रीवाचून चालत नाही.)

प्रश्न : २००६ साली वॉशिंग्टनला पत्रकारांच्या मेजवानीत स्टीफन कोल्बेर या विनोदवीराने राष्ट्राध्यक्ष बुश यांची त्यांच्या तोंडावर खिल्ली उडवली. मी ते घरी टीव्हीवर बघत होतो. सोमवारी पेपर उघडला तर त्याचं नावच नाही! इतक्या वर्षांनीही ते डोक्यातून जात नाही. हे कसं झालं असेल? आपल्याकडे असं झालं असतं का? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

पेपर बहुधा न्यूयॉर्क टाइम्स असणार. २९ एप्रिल २००६, शनिवार. हिल्टन हॉटेलचं सभागृह, अडीच हजारांवर पाहुणे आणि यजमान कोण, तर व्हाइट हाउसच्या बातम्या देणाऱ्या पत्रकारांची संघटना. आधी बुश यांनी स्टीव्ह ब्रिजेस नावाच्या नकलाकाराला शेजारी उभं केलं. खरे बुश सभ्य बोलणार आणि खोटे बुश त्यांच्या मनातलं बोलणार, असा तो खेळ. सगळे खूश. सोमवारी टाइम्समध्ये बातमी आली ती या खेळाची.

त्यानंतर कोल्बेर उठला होता. टीव्हीवर तो जे सोंग वठवायचा तेच घेऊन उठला, म्हणजे बुशभक्त निवेदकाचं. आपल्याकडे शाळेत अलंकार शिकवताना व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या आडून निंदा, म्हणून सांगायचे, ती तशी चाखायला फार क्वचित मिळते. हा माणूस सोमवारी जे मानतो तेच बुधवारी मानतो, मंगळवारी काहीही घडलेलं असो, अशी त्याने बुश यांची स्तुती केली. बुश चार हातांवर बसलेले. सभागृहातलं हसू हळूहळू आटत गेलं. अपवाद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया यांचा. कोल्बेरने त्यांच्याकडे बघून हातवारे केले, तर ते खदखदून हसताना दिसतात. ज्याच्यावर विनोद झाला तो हसतोय आणि आजूबाजूचे पत्रकार ताटात बघताहेत.

का, ते त्याच्या पुढच्या तुकड्यात आहे. तो पत्रकारांकडे वळला आणि म्हणाला, निर्णय राष्ट्राध्यक्ष घेतात, जाहीर त्यांचा प्रवक्ता करतो, तुम्ही फक्त टाइप करता. शुद्धलेखन तपासा आणि घरी जा. हे कोणासमोर बोलला ते लक्षात घ्या. इराकमधल्या संहारक शस्त्रांच्या बातम्या देताना आपण पुरेसे कठोर नव्हतो, हे टाइम्सनेच मे २००४ मध्ये छापून कबूल केलं होतं. ती जखम अजून ओली होती. कोल्बेरने बरोबर तिथे मीठ चोळलं. बुश यांच्यापुरता थांबला असता, तर सोमवारी त्याला दोन कॉलम नक्की मिळाले असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता डेस्कच्या बाजूनेही बोलते. शनिवारी रात्री उशिरा संपलेला कार्यक्रम रविवारच्या अंकात नीट येत नाही. पान सुटलेलं असतं, छपाई सुरू झालेली असते. ते मी समजू शकते. पण सोमवारच्या अंकाला पूर्ण रविवार हातात होता. त्यात जे गळतं ते घाईत गळत नाही, कोणीतरी बसून गाळतं. मग दोन दिवसांत त्या भाषणाची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली आणि बुधवारी टाइम्सला त्या गवगव्याचीच बातमी करावी लागली. वॉशिंग्टन पोस्टच्या एका ज्येष्ठ स्तंभलेखकाने लिहिलं की कोल्बेर विनोदी तर नव्हताच, शिवाय उर्मट होता. ‘विनोद जमला नाही’ ही पळवाट फार सोयीची. भाषण खोटं होतं म्हणायचं तर पुरावा द्यावा लागतो. हसू आलं नाही म्हणायला काहीच लागत नाही.

पुढच्या वर्षी संघटनेने रिच लिटल या जुन्याजाणत्या, निरुपद्रवी नकलाकाराला बोलावलं. त्यानंतर टाइम्सने या मेजवानीला जाणंच बंद केलं, ते बरं केलं. २०१८ मध्ये मिशेल वुल्फ या विनोदकार बाईंनी पुन्हा चटके दिले, तर संघटनेने तिच्या भाषणापासून हात झटकले आणि २०१९ ला विनोदवीराऐवजी एका इतिहासकाराला उभं केलं. २०२५ मध्ये तर बोलावलेल्या विनोदी कलाकाराचा कार्यक्रम आधीच रद्द केला. यातलं एकही पाऊल राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने पडलेलं नाही. पत्रकारांच्या संघटनेने स्वतःहून टाकलं.

आपल्याकडे झालं असतं का म्हणता? पंतप्रधान समोर बसलेत, बाजूला देशभरचे संपादक आणि माईक एका टवाळाच्या हातात, अशी मेजवानीच आपल्याकडे नाही. प्रश्न मिटला.

प्रश्न : नेहरू व्यंगचित्रकार शंकर यांना म्हणाले, ‘मलाही सोडू नकोस.’ बाळासाहेबांच्या ‘मार्मिक’चं प्रकाशन यशवंतरावांनी केलं. ती माणसं मोठ्या मनाची होती. आताच्यांना चित्रही सोसवत नाही. बरोबर ना, ताई? — निवृत्त मुख्याध्यापक, कराड

सर, निम्मं बरोबर. १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’ सुरू झालं तेव्हा नेहरू तसं म्हणाले आणि शंकर यांनी शब्दशः पाळलं. ‘मार्मिक’चं प्रकाशन १३ ऑगस्ट १९६० ला झालं. राज्य जेमतेम साडेतीन महिन्यांचं होतं आणि मुख्यमंत्री एका व्यंगचित्रकाराच्या साप्ताहिकाला हजर राहिले. हे आज कोणी करेल असं मलाही वाटत नाही.

पण त्याच काळात, मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री असताना, शायर मजरूह सुलतानपुरी नेहरूंवरच्या कवितेपायी मुंबईत तुरुंगात गेले. माफी मागितली नाही म्हणून आत राहिले. १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती आणून अभिव्यक्तीवरची बंधनं वाढवली तीही नेहरूंच्याच सरकारने. दिल्लीच्या इंग्रजी साप्ताहिकातला चित्रकार मित्र असतो आणि मुंबईच्या गिरणी कामगारांपुढे कविता म्हणणारा कम्युनिस्ट मित्र नसतो. मोठं मन कोणासाठी मोठं होतं, हेही बघायला हवं.

आणि ‘मार्मिक’चं म्हणाल, तर दुसऱ्यांना ओरबाडून काढणारा तो कुंचला स्वतः सत्तेच्या बाजूला आल्यावर काय झालं? १९९६ ला पु. ल. देशपांड्यांना पहिला महाराष्ट्र भूषण दिला. सत्कारात पु. लं.नी झुंडशाहीबद्दल नापसंती सांगितली, तर बाळासाहेब भर सभेत त्यांच्यावर घसरले. त्या भाषणावर पुलंच्या बाजूने लिहायला मात्र मराठी पेपर कचरले नाहीत. पुलंच्या पाठीशी घराघरातला वाचक उभा होता ना.

प्रश्न : आणीबाणीत सेन्सॉर असूनही काही व्यंगचित्रं छापून यायची म्हणतात. ती सेन्सॉरच्या हातून सुटायची कशी? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

मी नोकरीला लागले ती आणीबाणीनंतर, पण ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी ती भोगली होती. त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट पक्की कळली की सेन्सॉर हा बहुतेक वेळा एक कंटाळलेला सरकारी बाबू असे. त्याच्यापुढे पानांची चळत. तो नावं शोधायचा, ‘अटक’, ‘निदर्शनं’ असले शब्द शोधायचा. चित्र वाचायला वेगळा डोळा लागतो आणि तो त्याला कोणी दिलेला नव्हता.

मला सगळ्यांत आवडतो तो मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियातला किस्सा. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. २८ जून १९७५ च्या अंकात छोट्या जाहिरातींत, निधनवार्तांमध्ये, एक ओळ छापून आली : ‘डी. ई. एम. ओक्रसी’ यांचं २६ जूनला निधन. मागे पत्नी ‘टी. रूथ’, मुलगा ‘एल. आय. बर्टी’, भावंडं ‘फेथ’, ‘होप’ आणि ‘जस्टिशिया’. इंग्रजीत मोठ्याने वाचून बघ, म्हणजे लोकशाही गेली आणि सत्य विधवा झालं हे ऐकू येईल. बातम्यांची पानं तपासली जात होती, पण निधनवार्ता कोण तपासणार? जाहिरातीच्या खिडकीवर फॉर्म भरायचा, शब्द मोजून पैसे द्यायचे, पावती घ्यायची. एवढ्या पैशांत देशातला सगळ्यांत धारदार विनोद छापून झाला. संपादकीय खात्याचा त्याला हातसुद्धा लागला नव्हता, हे ध्यानात ठेव.

दुसरं उदाहरण अबू अब्राहम यांच्या व्यंगचित्राचं, इंडियन एक्स्प्रेस, १० डिसेंबर १९७५. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद न्हाणीघरात टबात बसलेत, उघडेच, आणि दाराच्या फटीतून आलेल्या कागदावर सही करून म्हणताहेत, आणखी वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा. रेषा अगदी थोड्या. राष्ट्रपतींच्या पदाची काय अवस्था झाली होती, हे त्या टबाने सांगितलं ते शंभर अग्रलेखांना सांगता आलं नसतं. अबू तेव्हा राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते, हेही गमतीचं. चित्र छापून आलं आणि कोणाला अटक झाली नाही.

म्हणून ‘चालायचं सगळं’ असं समजू नकोस. इंडियन एक्स्प्रेसने २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली, हे सगळे सांगतात. बाकीच्या कित्येक पेपरांनी सरकारचं कौतुक छापलं, हे कोणी सांगत नाही. ‘शंकर्स वीकली’ ३१ ऑगस्ट १९७५ ला बंद झालं. शेवटच्या अंकात लिहिलं होतं की हुकूमशाहीला हसणं परवडत नाही, कारण लोक हुकूमशहालाच हसतील. आणीबाणी उठल्यावर अडवाणी पत्रकारांना म्हणाले, तुम्हाला वाकायला सांगितलं होतं, तुम्ही रांगलात. आमच्या डेस्कवरचे जुने लोक या वाक्यावर गप्प व्हायचे. एकजण मात्र दर वेळी म्हणायचा, ‘रांगत होतो खरे, पण पगार चालू होता.’

प्रश्न : पाठ्यपुस्तकातल्या आंबेडकरांच्या व्यंगचित्रावरून २०१२ मध्ये पुण्यात सुहास पळशीकर सरांच्या कार्यालयात मोडतोड झाली. पेपरांनी आम्हाला ‘भावना दुखावणारे’ म्हणून मोडीत काढलं. तुमचं मत? — एक वाचक, येरवडा, पुणे

तुमच्या पत्रातला राग मला रास्त वाटतो, आणि मोडतोड मला रास्त वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : चित्र शंकर यांचं, २८ ऑगस्ट १९४९ चं. राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेत, हातात आसूड. मागे नेहरू, त्यांच्याही हातात आसूड. घटना तयार व्हायला तीन वर्षांना काहीच दिवस कमी लागले, त्या दिरंगाईवरचा तो विनोद. २००६ मध्ये ते एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात घेतलं गेलं. सहा वर्षं मुलांनी ते वाचलं. ११ मे २०१२ ला संसदेत गदारोळ झाला, सरकारने हात टेकले, पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी पाठ्यपुस्तकाचं सल्लागारपद सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी विद्यापीठातलं ते कार्यालय फोडलं गेलं.

वर्तमानपत्रांचं चुकलं ते इथे. बहुतेकांनी दोनच बाजू उभ्या केल्या, एकीकडे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि दुसरीकडे जमाव. ज्याच्या आजोबाच्या पाठीवर खरोखरचा आसूड पडला होता त्याला नेहरूंच्या हातातला तो आसूड आणि पुढे बसलेले बाबासाहेब कसे दिसतील, हे विचारायला डेस्कवर माणूसच नव्हता. आमच्याही नव्हता. मी आजूबाजूला बघितलं होतं. दलित आडनावं मोजायला एका हाताचीही गरज पडली नाही. शंकर यांनी जातीय आकसाने चित्र काढलं असं मी म्हणत नाही. दोघांच्याही हातातला आसूड गोगलगायीला घाईला लावणारा आहे, नेहरूंचा रोखही तिच्यावरच आहे, असंच मी ते वाचते. पण तुम्ही वेगळं वाचलंत तर तुम्हाला चित्र कळत नाही असं म्हणणं हा उद्धटपणा झाला.

आणि चित्र काढून टाकणं हे उत्तर झालं, असंही मला वाटत नाही. पुढे सुखदेव थोरात यांची समिती बसली, तिने आणखी बरीच व्यंगचित्रं काढायला सांगितली, ज्यांच्याविषयी कोणी मोर्चा काढला नव्हता अशी. तुमच्या रागाचा फायदा घेऊन पुढाऱ्यांनी स्वतःवरची चित्रं पुस्तकातून उपटून घेतली. समितीतले एकटे एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्न मत नोंदवलं. ते दलित चळवळीचे विरोधक नव्हते, द्रविड चळवळीचे अभ्यासक होते. त्यांच्या भिन्न मताला मराठी पेपरांत किती जागा मिळाली होती? मला आठवते ती सिंगल कॉलम, आतल्या पानावर, तीही शेअर बाजाराच्या शेजारी.

प्रश्न : व्यंगचित्र काढलं तर खरंच राजद्रोह होतो का? — हौशी चित्रकार, अकोला

व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत त्याच कलमाखाली धरलं होतं. गवगवा झाला, मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला, सरकारने महिन्याभरात राजद्रोहाचं कलम मागे घेतलं, आणि २०१५ मध्ये न्यायालयाने पोलिसांना बजावलं की सरकारवर नुसती टीका म्हणजे राजद्रोह नव्हे. ते १२४-अ कलम आता जुन्या दंडसंहितेबरोबर गेलं. नव्या न्यायसंहितेत १५२ आलं आहे. ते वकिलाकडून समजून घ्या, माझ्याकडून नको.

कायद्याइतकीच शेजारच्या पेपराची गरज लागते, याचं उदाहरण सांगते. १९८७ मध्ये तमिळ ‘आनंद विकटन’ने मुखपृष्ठावर विनोद छापला : व्यासपीठावरच्यांत खिसेकापूसारखा दिसतो तो आमदार आणि दरोडेखोरासारखा दिसतो तो मंत्री. तमिळनाडू विधानसभेने हक्कभंग ठरवून संपादक बालसुब्रमण्यन यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. देशभरचे पेपर एकसाथ उठले, प्रतिस्पर्धी धरून. दोन दिवसांत संपादक बाहेर. पुढे कोर्टात त्यांनी हजार रुपये नुकसानभरपाईही मिळवली. अकोल्यातून काढा, बिनधास्त काढा. फक्त चित्र एकाच संपादकाकडे पाठवू नका.

प्रश्न : मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या विडंबनगीतावरून खारला कार्यक्रमाची जागा फोडली. तुम्ही कोणाच्या बाजूने? — ठाणे

ज्याच्या खुर्च्या मोडल्या त्याच्या. गाणं त्याने म्हटलेलं नव्हतं. पेपरांपुरतं म्हणाल, तर जमावाच्या दुसऱ्या दिवशी महापालिकाही हातोडे घेऊन तिथेच पोहोचली, आणि कित्येक मथळ्यांत ‘वादग्रस्त’ हे विशेषण लागलं ते गाण्याला. हातोड्यांना नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत पोरांनी वग बसवला. त्यात आमदारांची अशी टर उडवली की सोंगाड्याला पुढे बोलू देईनात लोक. पेपरचा वार्ताहर पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत हसत होता. तिसऱ्या दिवशी बातमी : ‘यात्रा उत्साहात संपन्न’. आमदारांच्या हस्ते नारळ फोडल्याचा फोटो. वगाचं नाव नाही. हा माणूस घाबरला का? — शेतकरी, ता. माण, जि. सातारा

घाबरला असेल-नसेल, पण त्याचं पोट बघा. तालुक्याच्या वार्ताहराला पेपर पगार देत नाही, मानधन देतो, ते पेट्रोलला पुरत नाही. त्याची खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. जाहिराती कोणाच्या? साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती आणि वाढदिवसाचं अभीष्टचिंतन. आमदारांच्या वाढदिवसाला चार पानी पुरवणी निघते. त्यात सरपंचापासून किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांचे चौकटीतले फोटो. ते फोटो गोळा करत हाच माणूस मोटारसायकलवर फिरत असतो. वसुलीही त्यानेच करायची, बुडाले तर त्याच्याच अंगावर. त्याने वगाची बातमी दिली तर पुढच्या वर्षी पुरवणी शेजारच्या पेपरला जाते. वॉशिंग्टनच्या त्या हॉटेलातल्या पत्रकारांना निदान मासिक पगार होता.

आणि समजा त्याने पाठवलीही असेल. अशी एक बातमी माझ्या टेबलावर आलेली मला चांगली आठवते. अख्खा वग त्याने उतरवून काढला होता, सोंगाड्याच्या कोट्यांसकट. पान लागलं, मथळा दिला, आणि वरच्या मजल्यावरून जाहिरात विभागाचा फोन आला. शहर आवृत्तीत बातमी राहिली, कारण तिथे आमदाराला कोणी ओळखत नव्हतं. ज्या तालुक्यात ती वाचून लोक हसले असते, त्या तालुक्याला जाणाऱ्या डाक आवृत्तीतून ती काढली गेली. तिथे त्या जागी पाऊस-पाण्याचा तक्ता गेला. मोसम उन्हाळ्याचा होता.

तेव्हा वार्ताहराला धरून काही उपयोग नाही. तुम्हीच वाचकांच्या पत्रव्यवहाराला लिहा. त्या पानावर जाहिरात विभागाची नजर सहसा नसते. नाशिकच्या मुलीला मी वर सांगितलं आहे तसंच काहीसं. थोडक्यात लिहा, गावाचं नाव, जत्रेची तारीख आणि वगातला तो संवाद जसाच्या तसा.

तो संवाद तुम्ही मलाही कळवलेला नाही. ‘ताई, बाईमाणसाला लिहिण्याजोगं नाही, समजून घ्या’ असं म्हणून तिथे टिंबं दिली आहेत. टिंबं नकोत. पूर्ण लिहून पाठवा. या स्तंभात छापायचा की नाही ते मी आणि संपादक भांडून ठरवू.